एक विझतो तेव्हा

नीतीच्या प्रश्नांना ठरलेले घर नसते. ते कधी धर्मग्रंथाच्या पानावर भेटतात, कधी न्यायालयाच्या पायरीवर, तर कधी मोटार दुरुस्त करणाऱ्या मिस्त्र्याच्या तेलकट बाकावरही बसलेले आढळतात. या शेवटल्या ठिकाणी भेटणारा प्रश्न मला अधिक आवडतो. कारण तेथे तो मोठमोठ्या शब्दांची वस्त्रे लेवून येत नाही. त्याच्या हाताला काजळी असते आणि त्याला उत्तराची घाई असते.

आज ज्या प्रश्नाविषयी लिहायचे आहे तो असाच एका गॅरेजात जन्मलेला आहे. तो समजून घ्यायला मोटारीचे ज्ञान असण्याची मुळीच गरज नाही. दिवाळीत खिडकीवर विजेच्या दिव्यांची माळ ज्याने लावली आहे, त्याला तो अर्धा कळलेलाच आहे. जुन्या माळांची एक खोड पुष्कळांना आठवत असेल. एक दिवा गेला की सारी माळ अंधारात! मग घरातला कर्ता पुरुष स्टुलावर चढून एकेक दिवा काढून बघत असे, मुले खालून सूचना करीत, आणि तो गुन्हेगार दिवा सापडेपर्यंत फराळाचे ताट तसेच झाकून राही. आताच्या माळांत पुष्कळदा एखादा दिवा विझतो आणि बाकीच्या माळेला त्याचा पत्ताही लागत नाही. सोय झाली यात शंका नाही. प्रश्न एवढाच आहे की, त्या सोयीबरोबर आपण घरात आणखी काय घेतले?

धाराशिवला माझे एक वडीलधारे स्नेही राहतात. सारी गल्ली त्यांना तात्या म्हणते. हा जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. पुढे राज्य बदलले तरी खरेदीसाठी, दवाखान्यासाठी, यंत्रांसाठी हैदराबादची वाट लोकांनी पुष्कळ दिवस मोडली नाही. तात्यांच्या वडिलांनी त्याच वाटेने एक जुनी, परदेशी बनावटीची डीझेल मोटार घरी आणली. ती आजही चालते. घरातल्या म्हाताऱ्या माणसासारखे तिचे सारे करावे लागते, आणि तात्या ते आनंदाने करतात. मात्र ही मोटार दरसाल एकदा रुसते, आणि तीही नेमकी दिवाळीच्या सुमारास, पहाटेच्या गारव्यात.

याचे कारण डीझेलच्या इंजिनाच्या स्वभावात आहे. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पाडून आग लावावी लागते. डीझेलच्या इंजिनात ठिणगी नाहीच. त्यात हवा कोंडून तिला मूळ जागेच्या सुमारे विसाव्या हिश्शात दाबतात. सायकलीत हवा भरताना पंप गरम होतो, तोच हा चमत्कार, केवळ फार मोठ्या प्रमाणावर. दाबलेली हवा शेकडो अंश तापते, त्या हवेत तेलाचा बारीक फवारा सोडला की तो आपला आपण पेट घेतो. परंतु रात्रभर गारठलेले लोखंड ही ऊब पिऊन टाकते, आणि मग फवारा पेटत नाही. म्हणून प्रत्येक सिलिंडरच्या माथ्याशी, तेल जेथे पेटायचे त्या कोनाड्यात, एकेक ग्लो प्लग बसवलेला असतो. बॅटरीच्या विजेने तो लालबुंद होतो आणि पहिल्या श्वासापुरती इंजिनाला ऊब देतो. आपल्याकडचे मिस्त्री त्याला सरळ हीटर म्हणतात, आणि ते नावच अधिक बरोबर आहे.

धाराशिव बालाघाटाच्या पठारावर वसलेले आहे. चैत्र-वैशाखात येथल्या इंजिनाला हीटरची आठवणही होत नाही. त्याची परीक्षा होते ती मार्गशीर्ष-पौषातल्या पहाटे. उन्हाळ्यात चारही प्लग मेलेले असले तरी गाडी मुकाट्याने सुरू होईल. दोष असेल, पण दिसणार नाही. माणसाच्या सद्गुणांचेही बहुधा असेच असते. सुगीच्या दिवसांत कोणाची माया खरी आणि कोणाची आटलेली, हे कोण ओळखू शकेल?

तात्यांच्या मोटारीत हे चार प्लग जुन्या पद्धतीने जोडलेले होते. प्रत्येक म्हणजे जाड तारेचे एक उघडे वेटोळे, आणि एकाची वीज दुसऱ्यातून, दुसऱ्याची तिसऱ्यातून अशी पुढे जाणारी. शाळेच्या पुस्तकात हिला एकसर जोडणी म्हणतात. या ओळीत आणखी एक भागीदार असे. चालकाच्या समोर, लहानशा जाळीमागे, एक तार बसवलेली होती. कळ ओढून धरली की सुमारे मिनिटभराने ती तार लाल होई. ती लाल झाली म्हणजे आत चारही लाल झाले असे समजावे आणि गाडी सुरू करावी. तेवढ्या अवधीत तात्यांचे रामरक्षेतले दोन-चार श्लोक म्हणून होत. आणि चौघांपैकी एक जरी तुटला, तर कोणीच तापत नसे. ती जाळीमागची तारही काळी ठिक्कर राही. एकाचे दुखणे साऱ्यांचे दुखणे, आणि त्याची खबर मालकाच्या डोळ्यांसमोर!

गेल्या हिवाळ्यात मिस्त्र्याने तात्यांना सल्ला दिला. तो म्हणाला, “तात्या, हे जुनं झेंगट काढून टाकू. पेन्सिलीवाणी प्लग येतेत, ते बसवू. चौघांस्नी येगयेगळी लाईन. एक गेला तरी बाकीचे तीन काम करतेत. गाडी अडायची न्हाई.”

तात्यांनी विचारले, “आणि गेलेला कळायचा कसा?”

मिस्त्री हसून म्हणाला, “कळून काय करायचंय तात्या? गाडी चालू हुतीय न्हवं?”

सल्ला व्यवहाराला धरून होता. मोठमोठ्या कारखान्यांनीही तोच मार्ग पत्करला आहे. मर्सिडीजसारख्या कंपनीने आपल्या डीझेल मोटारींतली एकसर जोडणी १९८० च्या सुमारास सोडली आणि पेन्सिलीच्या आकाराचे प्लग समांतर जोडणीने बसवले. या प्लगात तापणारी तार धातूच्या बंद नळीत, विशिष्ट भुकटीत पुरलेली असते. उघड्या वेटोळ्यासारखी ती आगीच्या तोंडी नसते. प्रत्येकाला बॅटरीचा पुरा जोर थेट मिळतो, त्यामुळे मिनिटाचे काम काही सेकंदांवर येते. चौघांची मागणी मुख्य तारेवर एकदम येते, म्हणून जाड तार, रिले आणि मोठा फ्यूज एवढी व्यवस्था करावी लागते. तात्यांनी ती सारी करून घेतली. गाडी पहिल्या हाकेला ओ देऊ लागली. पण मिस्त्र्याचे ते वाक्य मात्र माझ्या मनातून जाईना. कळून काय करायचे आहे?

समांतर जोडणीत एक प्लग मेला म्हणजे काय होते, ते पाहण्यासारखे आहे. तीन सिलिंडर पेटतात, चौथा गारठलेला राहतो. इंजिन थोडे थरथरते, मागून पांढरा धूर निघतो, आणि मिनिट-दोन मिनिटांत शेजाऱ्यांच्या उबेने तोही कामाला लागतो. मालक म्हणतो, थंडी आहे. पुढच्या हिवाळ्यात दुसरा प्लग जातो. मालक म्हणतो, गाडी जुनी झाली. मग एखाद्या कडाक्याच्या पहाटे, घरातल्या कोणाला तातडीने दवाखान्यात न्यायचे असते, त्याच वेळी ती सुरू होत नाही, आणि आपण म्हणतो, “काल तर चांगली होती!” खरे पाहता काल ती चांगली नव्हती. काल ती फक्त अडली नव्हती. चांगले असणे आणि न अडणे या दोन गोष्टींत जे अंतर आहे, त्या अंतरात संसारातली पुष्कळशी दुःखे राहतात.

आणि समोरचा दिवा? पुष्कळ गाड्यांत तो आता त्या ओळीतला राहिलेला नाही. ठरावीक सेकंद मोजून तो विझतो आणि चालकाला ‘चला’ म्हणतो. तो वेळ सांगतो, ऊब सांगत नाही. जुनी तार त्या चौघांबरोबर स्वतः तापत होती, म्हणूनच तिची साक्ष खरी होती. दुसऱ्याच्या दुखण्याची साक्ष देण्याचा अधिकार, त्याच विजेचा चटका सोसणाऱ्यालाच असतो की काय, असे ती जाळी पाहून मनात येते.

आपली जुनी घरे एकसर जोडणीची होती. चार भाऊ, एक चूल, एक कणगी. एकाचे पीक बुडाले की चौघांच्या ताटातली भाकरी लहान होई. एकीला ताप आला की स्वयंपाक अडे, म्हणजे ताप साऱ्या घराला कळे. आजची घरे समांतर आहेत. एक भाऊ धाराशिवला, एक पुण्याला, एक बंगळूरला, एखादा सातासमुद्रापलीकडे. प्रत्येकाची लाईन वेगळी, प्रत्येकाला आपापला जोर. एकाची नोकरी गेली तरी दुसऱ्याच्या घरची चकली तितकीच खुसखुशीत होते. आणि त्याची नोकरी गेल्याचे वर्षभराने कोणा तिसऱ्याकडून कळते.

येथे उसासा टाकून जुन्या काळाची आरती ओवाळणे सोपे आहे. परंतु ते खरे होणार नाही. एकसर जोडणीत ज्ञान होते, तसा जुलूमही होता. एकाच्या चुकीपायी सारे घर अंधारात बसे, आणि मग त्या एकाचे काय करीत, ते आठवून पाहावे. वाटेत गाडी अडली की जुने चालक तुटलेल्या प्लगच्या दोन टोकांवर तारेचा तुकडा टाकीत आणि त्याला वगळून वीज पुढे नेत. गाडी निघे; पण वगळलेल्याच्या वाट्याचा ताण उरलेल्या तिघांवर पडे आणि तेही लवकर जळत. आपल्या गावगाड्याने नेमके हेच केले. जो जातीच्या, भावकीच्या ओळीत बसेना त्याला वाळीत टाकले आणि ओळ पुढे चालू ठेवली. ही रीत इतकी चिवट निघाली की सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राला २०१६ चा कायदा करावा लागला. तेव्हा ज्यांना त्या ओळीतून सुटून आपापली वेगळी तार मिळाली, त्यांना पुन्हा ओळीत उभे राहा असे सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही. सासूच्या धाकात आयुष्य काढलेली बाई वेगळ्या बिऱ्हाडाची किंमत जाणते. आपण तिला एकत्र कुटुंबाचा महिमा सांगू नये.

म्हणजे समांतर जोडणी हीच बरी. मग प्रश्न उरतोच कोठे? तो उरतो त्या मिस्त्र्याच्या वाक्यात. जे काम पूर्वी तार करीत होती, म्हणजे विझलेल्याची खबर देण्याचे काम, ते आता कोणी करायचे?

ज्याच्या नावाने हे इंजिन ओळखले जाते त्या रुडॉल्फ डीझेलचीच गोष्ट पाहा. त्याच्या कल्पनेवर बनलेले इंजिन १८९७ साली जर्मनीत आउग्सबुर्ग येथे कसोटीला उतरले. त्याला कीर्ती मिळाली, धनही मिळाले. पुढे पैशाच्या व्यवहारात तो आतून पोखरला गेला. २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री तो अँटवर्पहून इंग्लंडकडे निघालेल्या ‘ड्रेस्डेन’ या आगबोटीवर होता. सोबत्यांबरोबर जेवला, सकाळी सव्वासहाला उठवा असे सांगून आपल्या खोलीकडे गेला. सकाळी खोली रिकामी होती, बिछाना अनाघ्रात होता. काही दिवसांनी समुद्रात त्याचे प्रेत आढळले. त्या रात्री नेमके काय घडले याचा निर्णय आजवर झालेला नाही. पण एवढे खरे की, सारे जग त्याच्या इंजिनाचा आवाज ऐकत असताना, त्याच्या आत काय विझले आहे हे जेवणाच्या मेजावर शेजारी बसलेल्यांनाही उमगले नव्हते.

परंतु इतके दूर जाण्याचे कारण नाही. धाराशिवच्या मातीने या प्रश्नाच्या दोन्ही बाजू भोगल्या आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद या जिल्ह्यांत धरणी हादरली. आदल्याच दिवशी गणपतींचे विसर्जन झाले होते. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावे दगडमातीच्या ढिगाऱ्याखाली गेली, हजारो माणसे दगावली. ते दुःख एकसर होते. सारी गावे एकदम विझली म्हणून साऱ्या जगाला खबर लागली. अन्न आले, कपडे आले, परदेशांतून पैसा आला, नवी गावे वसवली गेली. त्याच जिल्ह्यात पुढे दुष्काळाच्या आणि कर्जाच्या ओझ्याखाली शेतकरी एकेकटे आयुष्य संपवू लागले. हे दुःख समांतर होते. एका घरातला दिवा जाई आणि गावाचे बाकीचे व्यवहार चालू राहत. शेजारी म्हणत, “काल तर बोलला माझ्याशी, काहीच म्हणाला नाही.” काल तो चांगला नव्हता. काल तो फक्त अडला नव्हता. सारे एकदम विझले तर दूरदेशीच्या माणसाला कळते, आणि एकटा विझला तर भिंतीपलीकडच्या माणसालाही कळत नाही, ही केवढी विपरीत गोष्ट आहे!

२०१५ साली महाराष्ट्र शासनाने यवतमाळ आणि उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत ‘बळीराजा चेतना अभियान’ सुरू केले. आरोग्य खात्याच्या ‘प्रेरणा’ प्रकल्पातून आशा कार्यकर्त्या घरोघर जाऊन शेतकऱ्याच्या मनाची विचारपूस करू लागल्या. सरकारी योजनांचे गुणदोष सांगण्याची ही जागा नव्हे. परंतु तिच्यामागची समजूत मला फार मोलाची वाटते. कर्ज, पाणी, भाव हे प्रश्न आहेतच. पण त्याआधी कोणी तरी उंबऱ्याशी बसून एका माणसाला विचारले पाहिजे, की बाबा रे, झोप लागते का? जेवण जाते का? जी खबर तारेने येईनाशी झाली ती पायी चालत जाऊन आणावी लागते.

विचारण्याचीही एक रीत असते, आणि ती मला त्या गॅरेजातच दिसली. समांतर प्लग तपासायला मिस्त्री एक लहानसा दिवा घेतो. त्याची एक तार बॅटरीला, दुसरी प्लगच्या डोक्याला. दिवा लागला तर प्लग जिवंत, न लागला तर मेला. मात्र त्याआधी तो एक गोष्ट न चुकता करतो. चारही प्लगांना जोडणारी सामाईक पट्टी तो सोडवतो आणि प्रत्येकाला सुटा करतो. मी कारण विचारले तेव्हा तो म्हणाला, “पट्टी तशीच ठिवली तर मेलेल्याला लावला तरी बी दिवा लागतो. बाकीचे तीन त्याच्या वतीनं बोलतेत.”

बाकीचे तीन त्याच्या वतीने बोलतात! दिवाळीच्या पंगतीत यापेक्षा वेगळे काय घडते? सारे जमलेले असतात, आणि “काय, कसे काय?” असा प्रश्न साऱ्यांना मिळून विचारला जातो. “मजेत!” असे उत्तर साऱ्यांच्या वतीने येते. त्यात एखादा आवाज नसतो, हे त्या गलक्यात कोणाच्या ध्यानी येत नाही. हल्ली फोनवर एका घरच्या साऱ्या माणसांचा मिळून एक गट असतो. पाडव्याच्या सकाळी त्यावर पणत्यांची चित्रे येतात आणि बारा जणांच्या शुभेच्छा झडतात. पट्टी लावलेलीच असते, म्हणून दिवा लागतो.

नव्या मोटारींनी हा धडा घेतला आहे, हेही सांगितले पाहिजे. तेथे इंजिनाचा कारभार पाहणारी संगणकी पेटी प्रत्येक प्लगची स्वतंत्र चौकशी करते आणि कोणता गेला तेही सांगते. मात्र यंत्र बनवणाऱ्यांनी त्यासाठी एकसर जोडणीकडे पाऊल मागे टाकले नाही. स्वातंत्र्य ठेवले आणि त्याला विचारपूस जोडली. माणसाला मात्र अशी पेटी बाजारात मिळत नाही. ज्याने वेगळी तार घेतली त्याने दुसऱ्याची खबर घेण्याचे कामही अंगावर घेतले, असे समजले पाहिजे. सोय आपण विकत घेतो तेव्हा तिच्या किमतीतला एक भाग दुकानात द्यावा लागत नाही. तो पुढे आयुष्यभर हप्त्याहप्त्याने द्यायचा असतो. विचारपूस हा तो हप्ता होय. तो चुकवणारा माणूस दुष्ट नसतो. तो मिस्त्र्यासारखाच साधा, कामसू, हसरा असतो. गाडी चालू होतेय ना, एवढेच त्याचे म्हणणे असते.

दिवाळीत तुळजापूरला काळभैरवाची भेंडोळी निघते. लांब दांड्याला बांधलेले पलिते पेटवतात आणि तो जळता भार खांद्यावर घेऊन माणसे आई भवानीच्या देवळाकडे धावतात. त्यात प्रत्येक पलिता आपल्या तेलावर जळतो. एक विझला म्हणून दुसरा विझत नाही. पण दांडा एक असतो, आणि त्याला लावलेले खांदे त्या आगीच्या इतके जवळ असतात की कोणत्या पलित्याची धग कमी झाली हे त्यांना कोणी सांगावे लागत नसेल.

आपणा सर्वांना असा दांडा उचलायला मिळेलच असे नाही. पण भाऊबीजेची ओवाळणी झाली, मुले अंगणात फुलबाज्या घेऊन गेली, आणि मोठी माणसे पानसुपारीला टेकली, म्हणजे एक गोष्ट करता येण्यासारखी आहे. जो आज थोडा कमी बोलला, ज्याने दुसरी करंजी घेतली नाही, जो हसला पण सर्वांच्या मागून हसला, त्याला हळूच पट्टीतून सोडवावे. गच्चीवर न्यावे, नाहीतर पान आणायच्या निमित्ताने कोपऱ्यापर्यंत चालत न्यावे, आणि त्या एकट्यालाच विचारावे, “तू कसा आहेस?” पहिले उत्तर “मजेत” असेच येईल. तेवढ्यावर परत फिरू नये. जुन्या मोटारीच्या चालकाला ती तार लाल होईपर्यंत मिनिटभर थांबावे लागत असे. आपल्याला कदाचित त्याहून थोडे अधिक थांबावे लागेल.